"अनुभव नसला तरी चालेल, अ‍ॅटिट्यूड पाहिजे" म्हणजे नक्की काय पाहिजे? खेड्यातून हॉटेल-रिसॉर्टच्या नोकरीला निघालेल्यांसाठी

रिसॉर्टच्या भरतीचे जे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यात एक ओळ हमखास असते: अनुभव नसला तरी चालेल, अ‍ॅटिट्यूड पॉझिटिव्ह पाहिजे. ती वाचून आमच्याकडची पोरं दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण मुलाखतीत बसल्यापासून उठेपर्यंत दात दाखवत राहतात आणि प्रत्येक वाक्याला "येस सर" म्हणतात. बाकीचे, आणि हेच जास्त, मनाशी ठरवून टाकतात की हे काम नागपूरच्या इंग्लिश मिडियमवाल्यांचं, आपलं नाही. दोघांचंही चुकतं.

मी भिवापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी मिरची आणि थोडा कापूस. 2006 साली नागपुरातल्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलो, तिथून सर्व्हिसला आलो. आता ताडोब्याच्या बाजूला सर्व्हिस (जेवण वाढणं) आणि हाऊसकीपिंगची (खोल्यांची साफसफाई) माणसं निवडणं, त्यांना शिकवणं हे माझं काम आहे. त्या खुर्चीतून जे दिसतं ते सांगतो.

आपल्या घरी उन्हातून कुणी आलं तर आई "पाणी पाहिजे का?" असं विचारत बसत नाही. आधी गडवा-पेला पुढे येतो, मग "बसा जी", आणि मग "कुठून येऊन राह्यले?" मालकाला किंवा मॅनेजरला जे हवं असतं ते जवळपास एवढंच. समोरच्याला काय हवंय ते त्यानं तोंड उघडायच्या आधी दिसावं, आणि ते करताना कपाळावर आठी नसावी. हे तुम्हाला येतं. अडचण अशी की मुलाखतीच्या दिवशी ते घरीच ठेवून तुम्ही नुसती फाईल घेऊन येता.

आधी कॅलेंडर बघा

कितीही चांगल्या स्वभावाचा माणूस 5 जुलैला ताडोब्याच्या मोहर्ली गेटपाशी नोकरी मागायला आला तर त्याला चहा मिळेल, नोकरी नाही. ताडोब्याचं कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांना बंद असतं. बफरमधली, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातली काही गेटं चालू राहतात, पण गर्दी ओसरलेली असते. त्यामुळे बरीच रिसॉर्टं जूनअखेर माणसं कमी करतात आणि 1 ऑक्टोबरच्या आधी नवी भरती करतात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांच्या आसपास काम हवं असेल तर तान्हा पोळा झाला की फोन करायला लागा. पेंचकडे सिल्लारी, खुर्सापार आणि इकडे उमरेड-कऱ्हांडला, तिथलंही गणित साधारण हेच.

चिखलदऱ्याचं उलटं आहे. तिथे धुकं आणि धबधबे बघायला लोक भर पावसाळ्यात येतात, म्हणजे इकडे जंगल बंद असताना तिकडे हात कमी पडतात. नागपूरच्या हॉटेलांना तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई असते आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत रोजंदारीवर घेतलेली पोरं पुढे कायम झालेली मी पाहिली आहेत. शेगावला भक्तांची वर्दळ बारमाही, त्यामुळे तिथल्या लॉज-हॉटेलांचं कामही बारमाही.

आता खरी गोम. हंगाम सुरू होतो ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची कापणी. बाबा म्हणणार, "आठ दिवस ये बाप्पा, मजूर नाही भेटून राह्यले." आणि पोरगा न सांगता गायब. दिवाळीच्या तोंडावर, रिसॉर्ट फुल्ल असताना, फोन स्विच ऑफ. मॅनेजर खेड्यातल्या पोराला घेताना कचरतो तो त्याच्या इंग्रजीमुळे नव्हे, या एका भीतीमुळे. म्हणून घरी आधीच बसून ठरवा की काढणीला तुमच्या जागी कोण, आणि मुलाखतीत कुणी विचारायच्या आधी स्वतः सांगा: "सर, घरी तीन एकर धान आहे, पण कापणीला भाऊ आहे. मला यायचं झालंच तर दहा दिवस आधी सांगेन." या एका वाक्यानं निम्मी मुलाखत पार पडते.

घरच्यांचं "उष्टी भांडी घासाले चाल्ला का?"

हा प्रश्न येणारच. माझ्या मोठ्या काकांनी मला चार माणसांत विचारला होता आणि मी त्यावर काही न बोलता चप्पल घालून निघून गेलो होतो. तसं करू नका. मनात तो काटा घेऊन गेलेला माणूस प्रत्येक उष्टं ताट उचलताना तोंड वाकडं करतो, आणि ते गिऱ्हाइकाला दिसतं.

माझं मत सांगतो. ज्या मुलखातून गाडगेबाबा निघाले, तिथे झाडू मारण्याची लाज वाटावी हे मला कधी पटलं नाही. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस दिवसा गाव झाडायचा, रात्री त्याच गावात कीर्तन करायचा, आणि पंढरपूर, नाशिकला त्यानं गोरगरिबांना टेकायला धर्मशाळा उभ्या केल्या. परगावी आलेल्या माणसाला स्वच्छ जागा मिळावी, याच्या मागे तो आयुष्यभर लागला होता. हाऊसकीपिंग म्हणजे याहून वेगळं काय?

पण घरच्यांना भाषणानं पटत नाही, डोळ्यांनी पटतं. मुलगी असेल तर बाबांना किंवा भावाला एकदा सोबत न्या, स्टाफ क्वार्टर दाखवा, मुलींची खोली वेगळी आहे का, कडी नीट लागते का, रात्रीच्या ड्युटीनंतर सोडायला कोण येतं हे त्यांच्यासमोर विचारा. चांगल्या मालकाला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला तर ते उत्तरच समजा.

कागद

हे लवकर उरका. आधार, पॅन, बँक पासबुक, दहावी-बारावीची गुणपत्रिका, चार फोटो. आधारवर आणि गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आजच दुरुस्तीला टाका, पीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) वेळी तेच आडवं येतं. पोलीस पडताळणीचा दाखला बरीच रिसॉर्टं मागतात. किचन किंवा सर्व्हिसला जाणार असाल तर वैद्यकीय तपासणीही होईल, कारण अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. सगळ्यांच्या झेरॉक्स द्या. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका, "जमा करायला लागते" असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

शिकून जायचं असेल तर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन आणि फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसचे एक वर्षाचे ट्रेड आहेत. आयटीआय जमत नसेल तर पंचायत समितीत "उमेद" या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कक्षात जाऊन दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची चौकशी करा. ही योजना 2014 साली सुरू झाली, ग्रामीण गरीब कुटुंबातल्या तरुणांना फुकट प्रशिक्षण देते आणि त्यात हॉटेलकामाचे कोर्सही असतात. नसेल जमत काहीच, तरी थेट कामाला लागता येतं. मी तसाच लागलो.

बायोडाटात "अनुभव: नाही" लिहू नका

तुम्ही लग्नात पंगत वाढली आहे ना? मग तो अनुभव आहे. मी थट्टा करत नाही. दोनशे माणसं बसलेली, बुंदीची बादली हातात, पत्रावळीवर कुणाची भाजी संपली, कुणाचा हात वरण-भाताच्या आळ्याजवळ थांबलाय, कोणत्या आजीला वाकून मठ्ठा द्यायचाय हे चालता चालता दिसतं, त्याला आमच्या धंद्यात टेबलावर नजर असणं म्हणतात. कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचे प्रमुख, ते नव्या स्टुअर्डला (वाढप्याला) सहा-सहा महिने शिकवतात.

तर लिहा: "गावातल्या लग्नांत आणि भंडाऱ्यात 150 ते 200 लोकांच्या पंगतीत वाढप केलं." आकडा खरा लिहा. कृषी केंद्रात हिशेब ठेवला, गणेश मंडळाचा स्वयंपाक सांभाळला, आजारी आजीचं अंथरूण-पांघरूण दोन वर्षं केलं, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. एक पान पुरे. वर जन्मतारीख, गाव, फोन. जात, धर्म, वडिलांचं उत्पन्न याची गरज नाही. "मी वरील माहिती सत्य असल्याचे प्रमाणित करतो" हेही नको, तो काही तहसीलातला अर्ज नाही.

फोन कधी आणि कसा

जेवणाच्या वेळी हॉटेलला फोन करणारा उमेदवार मी नाव न विचारता बाजूला ठेवतो. क्रूर वाटेल, पण ज्याला कामाची वेळ कळत नाही त्याला काम कसं कळणार? सफारी रिसॉर्टमध्ये दुपारची गाडी गेटकडे गेली की साडेतीन ते पाच हा निवांत वेळ असतो. शहरातल्या हॉटेलातही दुपारी साडेतीननंतरच बरं. ताडोब्याचं कोअर मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी तर आणखी मोकळीक.

उभं राहून बोला, आवाज आपोआप मोकळा येतो. "हॅलो, कोण बोलून राह्यलं?" अशी सुरुवात नको, फोन तुम्ही केलाय. नाव, गाव, काय हवं, एवढं पंधरा सेकंदांत: "नमस्कार सर, मी अमुक, सिंदेवाहीकडून बोलतोय. हंगामासाठी हाऊसकीपिंगला माणसं घेताय का? भेटायला कधी येऊ?" आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बदला. तलवारीनं केक कापतानाचा फोटो मला दिसतो.

मुलाखत

वेळेच्या आधी वीस मिनिटं पोहोचा. एसटी उशिरा येते हे मला माहीत आहे, मीही तिनंच येतो, म्हणून आधीची पकडा. आणि गेटवरच्या वॉचमनला नमस्कार करा. संध्याकाळी मी त्याला विचारतो, "तो पोरगा कसा वाटला?" हा माझा डाव नाही, जवळपास सगळेच विचारतात.

बोलताना भाषेचं दडपण घेऊ नका. आपल्याकडचं "हो जी", "या जी", "काय पाहिजे जी" यातलं जी हे फुकटात मिळालेलं सोनं आहे. पुण्यामुंबईच्या पोरांना आदबीनं बोलायला शिकवावं लागतं, आपल्या तोंडात ते बसलेलंच असतं. एखादा शब्द मात्र घोळ करतो. एका पोरानं पोहे देताना पाहुण्यांना विचारलं, "वरून सांबार टाकू का जी?" पुण्याच्या बाई दचकल्या, "पोह्यांवर सांबार?" आपला सांबार म्हणजे त्यांची कोथिंबीर, त्यांचं सांबार म्हणजे इडलीसोबतचं, आणि जंगलात तिसरं सांबर फिरतंय. बाई हसल्या म्हणून बरं. पोरगाही हसला आणि म्हणाला, "आमच्या इकडे कोथिंबिरीला म्हणतात जी." बस, एवढंच. चूक झाली, खुलासा केला, पोहे गरम होते.

इंग्रजी येत नसेल तर "येतं" म्हणू नका. तीस-चाळीस वाक्यं पाठ करून सुरुवात होते. परदेशी पाहुण्यासमोर अडलात तर "वन मिनिट सर, आय कॉल माय सिनियर" म्हणून सिनियरला आणणं हेच उत्तम इंग्रजी.

आता काही प्रश्न, जे नक्की येतात.

"घर सोडून राहशील?" इथे "हो सर, काही प्रॉब्लेम नाही" हे सगळ्यात वाईट उत्तर, कारण ते सगळेच देतात आणि निम्मे पंधराव्या दिवशी पळतात. गेल्या वर्षी भद्रावतीकडच्या एका मुलीनं सांगितलं, "कधी राहिले नाही सर. पहिले काही दिवस रडू येईल. पण ताईचं लग्न झालं तेव्हा घर मीच सांभाळलं, तेव्हा पण पहिले आठ दिवस रडली होती." मी लगेच हो म्हटलं. सकारात्मक असणं म्हणजे अडचण नाहीच असं दाखवणं नव्हे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आधीची नोकरी का सोडली?" मालकाला शिव्या घालायला सुरुवात केलीत की संपलं. त्या शिव्या अगदी खऱ्या असल्या तरी. "पगार तीन-तीन महिने थांबायचा, म्हणून सोडली" हे सरळ वाक्य पुरे. पुढचं मी समजून घेतो.

"काय काम करशील?" याला "काहीही" म्हणू नका. "काहीही" म्हणजे आपण इथे काय चालतं ते बघूनच आलो नाही. "सर्व्हिसची इच्छा आहे, पण जागा हाऊसकीपिंगला असेल तर तिथून सुरू करतो" असं म्हणा. मांसाहारी ताटं उचलायची नसतील, बारमध्ये उभं राहायचं नसेल, तर तेही आत्ताच सांगा. नंतर ऐन गर्दीत सांगितलेलं कुणालाच झेपत नाही.

आणि शेवटी तुम्हीही विचारा. पगार किती आणि कोणत्या तारखेला, राहणं-जेवण कापून की सोडून, आठवड्याची सुट्टी कधी, ब्रेक शिफ्ट आहे का. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी चार-पाच तास, मधे मोकळं, संध्याकाळी पुन्हा, आणि सफारी रिसॉर्टमध्ये ती असतेच, कारण उजाडायच्या आत पाहुण्यांना चहा-बिस्किटं देऊन जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) बसवायचं असतं. हे विचारणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. जो विचारतो तो टिकायच्या तयारीनं आलेला असतो.

ट्रायलचा दिवस

मुलाखतीनंतर बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस काम करून बघायला सांगतात. निवड खरी इथेच होते.

माझा पहिला मोठा दिवस सांगतो. 2007, नागपुरातलं एक हॉटेल, रिसेप्शनचं जेवण. दालफ्रायचा बाऊल माझ्या हातून एका काकांच्या पांढऱ्या सफारी सूटवर. मी पहिलं वाक्य काय बोललो? "तुमचा हात लागला." त्यांचा हात लागलाच होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मग चेहरे बघून घाबरलो आणि मदत करायच्या भरात धावत जाऊन साबणाचा फडका आणून घासायला लागलो. ज्यांनी हळदीचा डाग साबणानं घासलाय त्यांना पुढचं माहीत आहे: पिवळा डाग लालभडक झाला. काकूंनी किंकाळीच फोडली. कॅप्टननं मला खांद्याला धरून बाजूला केलं, काकांना म्हणाला, "माफ करा साहेब, चूक आमची," त्यांना आतल्या खोलीत नेलं, स्वतःचा घरून आणलेला शर्ट दिला आणि सफारी लॉन्ड्रीत पाठवली. वीस मिनिटांनी काका पुन्हा जेवायला बसले होते. मला रात्री तो एवढंच म्हणाला, "पहले बोल सॉरी, फिर पूछ मुझे, फिर हाथ लगा."

हा क्रम मी आजही नव्या पोरांना देतो. आधी माफी, मग सिनियरला खबर, मग हात. खेड्यातून आलेली पोरं दोन टोकांना जातात: लपवतात, नाहीतर विचारल्याशिवाय धावतात. उत्साह चांगला, पण त्याला विचारायची सवय लागते.

ट्रायलमध्ये आम्ही काय बघतो ते उघड सांगून टाकतो. ब्रीफिंगला, म्हणजे कामाआधीच्या सूचनांना वही-पेन आणली का. नखं कापली का. खाली पडलेला चमचा ओलांडून गेला की उचलला, आणि उचलून पुन्हा टेबलावर ठेवला की धुवायला टाकला. चादर घालताना उशीखालचा भाग ओढून घेतला का, कारण वरून सगळ्यांनाच नीट दिसते. स्टाफच्या जेवणात आपलं ताट घासल्यावर सिंक कसं सोडलं. आणि काम नसताना कुठे उभा राहिला. भिंतीला टेकून मोबाईल काढला, की नॅपकिन घडी करणाऱ्या मुलीजवळ जाऊन "मला दाखवता का?" म्हणाला.

"नाही" म्हणायची रीतही याच दिवशी दिसते. रात्री पावणेअकराला पाहुणे म्हणतात, पिठलं-भाकर हवं. "किचन बंद झालं" हे खरं आहे आणि निरुपयोगी आहे. "किचन साडेदहाला बंद झालं जी. गरम दूध आणि सँडविच आत्ता देऊ शकतो, पिठलं उद्या दुपारच्या जेवणात करायला सांगून ठेवू का?" यात काहीही खोटं नाही, कुणाला झोपेतून उठवलं नाही, आणि माणूस उपाशी झोपला नाही.

ताडोबा-पेंचकडे एक परीक्षा मात्र अशी आहे जी मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातही नाही: वाघ न दिसलेला पाहुणा. पहाटे चारला उठलेला, भरपूर पैसे मोजलेला, भुवयांपर्यंत धूळ, सोबतची पोरं चिडचिडलेली. जिप्सी पोर्चमध्ये थांबते आणि चूक कुणाचीच नसताना सगळा राग पहिल्या दिसणाऱ्या माणसावर निघतो. तो माणूस तुम्ही असता. तेव्हा "वाघ दिसला का सर?" असं दात काढून विचारायचं नाही. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून ते आधीच कळतं. "उद्या नक्की दिसेल" असंही नाही, कारण ते तुमच्या हातात नाही आणि उद्या तेच वाक्य तुमच्यावर उलटेल. थंड ओला टॉवेल ट्रेमध्ये, चिमट्यानं, आधी लेकरांना. मग पन्हं. मग लहान मुलाला विचारा, "तुला काय काय दिसलं?" पोरगं सांगतं, रानकुत्रे दिसले, एक अस्वल पळालं, मोर नाचत होता. आईबापांना आपण काय काय पाहिलं ते पोराच्या तोंडून पहिल्यांदा कळतं. नाश्त्याच्या टेबलापर्यंत हवा निवळलेली असते. दर वेळी नाही. काही जण तरी खवळलेलेच राहतात, आणि त्यांचं बोलणं कानाआड करून पुढच्या टेबलाकडे तसाच मोकळा चेहरा घेऊन जाणं, हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. मला ते जमायला चार वर्षं लागली.

इथे मात्र वाकायचं नाही

"अ‍ॅटिट्यूड चांगला ठेव" हे वाक्य काही लोक लगाम म्हणून वापरतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणारा, डिपॉझिट मागणारा, मूळ कागद ठेवून घेणारा, "तीन महिने ट्रेनिंग, पगार नंतर बघू" म्हणणारा, यांच्यापुढे हसरा चेहरा नको, पाठ दाखवा. एक-दोन दिवसांची ट्रायल वेगळी, महिनाभर फुकट राबवणं वेगळं. रुजू झालात की नेमणुकीचं पत्र मागा, पगार बँकेत घ्या, पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) आणि ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर त्याचा नंबर लिहून ठेवा.

पाहुणा देव असला तरी हात धरणारा पाहुणा देव नाही. मुलींनो, आणि मुलांनोसुद्धा, असं काही झालं तर तिथून बाहेर या, ट्रे पडला तर पडू द्या, आणि लगेच सिनियरला सांगा. पुन्हा त्या खोलीत एकट्यानं जायला ठाम नकार द्या. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, आणि कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुलाखतीच्या दिवशीच "समितीवर कोण आहे?" असं विचारणारी मुलगी मला अजून भेटली नाही. भेटावी असं फार वाटतं.

"नंतर कळवतो" म्हणाले तर

बहुतेक वेळा तो नकारच असतो. चौथ्या दिवशी एकदा फोन करा, साडेतीननंतरच, आणि सरळ विचारा: "सर, माझं काय कमी पडलं?" दहापैकी सहा जण उडवून लावतील. उरलेले चार जे सांगतात ते सोन्याच्या भावाचं असतं: आवाज फार बारीक, बूट नव्हते, दिवाळीला सुट्टी मागितली, माणसं भरून गेली. शेवटच्या कारणात तर तुमचा काही दोषच नसतो, आणि पोरं नेमकी तेव्हाच खचून पुण्याच्या कंपनीत पॅकिंगला जातात.

नंबर जपून ठेवा. हंगाम सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक ठिकाणची दोन-तीन पोरं गळतातच, कुणाला घरची ओढ लागते, कुणाला पहाटे चारचा गजर झेपत नाही. म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मॅनेजर हात टेकून बसलेला असतो. तेव्हा केलेला दुसरा फोन पहिल्यापेक्षा जास्त चालतो. "सर, सप्टेंबरात भेटलो होतो. बूट घेतले. उद्या सकाळच्या गाडीनं येऊ शकतो." आमचा आत्ताचा रेस्टॉरंट कॅप्टन असाच आला होता, नवे बूट चावत होते म्हणून ते हातात घेऊन, गेटपाशी घालत.